मोटारीतील विजेची परतवाट

बंगळूर शहरात तयार झालेल्या वा तेथील उद्योजकांनी पुढे आणलेल्या मोटारींपैकी दोन गाड्यांमध्ये एक साम्य आहे. पहिली गाडी सिपानी कंपनीची डॉल्फिन. ती १९८२ मध्ये बाजारात आली. ब्रिटनमधील रिलायंट कंपनीच्या किटन ह्या छोट्या गाडीवर ती आधारलेली होती आणि तिचे ८४८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन अॅल्युमिनियमचे होते. दुसरी गाडी सॅन मोटर्सची स्टॉर्म. दोन आसनांची, उघड्या छपराची ही क्रीडामोटार १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिचा आराखडा फ्रान्समध्ये बेतलेला होता व तिच्यात रेनॉ कंपनीचे ११४९ घन सेंटिमीटरचे इंजिन बसविलेले होते. डॉल्फिन मुळात कुटुंबाची गाडी. पण ती वजनाने इतकी हलकी होती की रॅलीत आणि शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती करणाऱ्या तरुणांनी तिला लवकरच आपलेसे केले. ह्या दोन गाड्यांतील साम्य म्हणजे त्यांचे अंग. दोन्हींचे बाह्य कवच पत्र्याचे नाही, फायबरग्लासचे आहे.

असे कवच गंजत नाही, ही गोष्ट ग्राहकाला आवर्जून सांगितली जात असे आणि ती खरीही आहे. परंतु कवच विजेचे वाहकही नाही, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नसे. ह्या गाड्यांच्या विद्युत्-बिघाडांचे, आणि इंजिनाच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या पुष्कळशा तक्रारींचे, मूळ ह्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. ज्या थोड्या गाड्या उरल्या आहेत त्या हौशी मालकांजवळ आहेत. अशी गाडी अडखळू लागली की अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. आधी प्लग, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर. बाजारात मुबलक मिळणाऱ्या गाडीच्या बाबतीत ह्या पद्धतीने फार तर पैसे वाया जातात. जिचे भाग मिळतच नाहीत तिच्या बाबतीत मात्र, काढून फेकलेला चांगला मूळ भाग पुन्हा हाती लागत नाही. त्याच्या जागी कसाबसा जुळविलेला परका भाग पुढच्या दहा बिघाडांचे कारण होतो. म्हणून दोष कोठे आहे हे ठरल्यावाचून कोणताही भाग न बदलणे, हा जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा पहिला नियम मानला पाहिजे.

चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ आणि चारही मिळून सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. ह्यांतील काही ठिणग्या चुकल्या, किंवा पडूनही मिश्रण पेटले नाही, की इंजिन अडखळते. कारागीर ह्यालाच ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतो. मिश्रण पेटण्यास तीनच गोष्टी लागतात: पुरेसे दाबलेले मिश्रण, त्यातील हवा व पेट्रोल ह्यांचे योग्य प्रमाण, आणि योग्य क्षणी पडलेली सबळ ठिणगी. सगळे निदान ह्या तिन्हींपैकी कोणती गोष्ट नाही हे ओळखण्यात आहे.

त्यासाठी प्रथम हत्यार हाती न घेता कान द्यावा. गाडी उभी असताना, मंद चालीवर, एकसारख्या तालात ठेच लागत असेल तर बहुधा एकच सिलिंडर निकामी असतो. चढावर किंवा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच ती लागत असेल तर ठिणगीचा दोष संभवतो. कारण सिलिंडरमध्ये वायू जितका दाबलेला तितका प्लगच्या फटीतून उडी मारण्यास जास्त विद्युत्-दाब लागतो, आणि दुबळी वायर किंवा तडा गेलेली डिस्ट्रिब्यूटरची टोपी नेमकी त्याच वेळी हार खाते. गाडी तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने निमूटपणे सुरू होत असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा संवेदक ह्यांकडे पाहावे. पावसात अडखळत असेल तर उच्च दाबाच्या वायरींकडे. खड्ड्यात चाक गेले की अडखळत असेल तर कोठेतरी सांधा सैल आहे. चारही सिलिंडर एकाच वेळी, कोणत्याही तालाशिवाय चुकत असतील तर दोष एखाद्या प्लगचा असू शकत नाही. तो अशा जागी असला पाहिजे की जेथून चौघांनाही काहीतरी पुरविले जाते. अशा जागा तीन: पेट्रोलचा पुरवठा, कॉइलचा प्राथमिक मार्ग आणि विजेची परतवाट.

निकामी सिलिंडर शोधण्याची जुनी रीत अशी की, इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर रोधक मुठीच्या पकडीने काढावी. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडते. निकामी सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही. डॉल्फिनसारख्या, पॉइंट असलेल्या गाडीत ही रीत चालते. स्टॉर्मसारख्या इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या गाडीत ती वापरू नये. तेथे मोकळी सोडलेली वायर कॉइलला व नियंत्रकाला इजा करते आणि बसणारा धक्का कारागिरालाही धोक्याचा असतो. तेथे त्या त्या सिलिंडरच्या इंजेक्टरची जोडणी काढून हीच परीक्षा घेता येते.

मग प्लग पाहावेत. टोकावर बिस्किटासारखा फिका तपकिरी रंग असेल तर त्या सिलिंडरचे आरोग्य उत्तम आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. पेट्रोलने भिजलेले टोक म्हणजे ठिणगी नाही. तेलकट काळेपणा म्हणजे कड्या किंवा झडपांच्या मार्गिका झिजल्या. पांढुरके, भाजल्यासारखे टोक म्हणजे पेट्रोल कमी. बंगळूरच्या आडुगोडी भागातील मायको कंपनीच्या कारखान्याने भारतीय गाड्यांना वर्षानुवर्षे प्लग पुरविले. १९५१ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २००८ पासून बॉश ह्या नावाने ओळखली जाते. देशभरातील कारागिरांच्या एका पिढीने प्लगच्या रंगांची ही लिपी त्याच प्लगांवर गिरविली, असे म्हणण्यास हरकत नाही. संपीडन मोजण्याचा दाबमापक असेल तर तोही लावून पाहावा. चारही आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत नसेल तर इंजिनाचे अंतरंग निर्दोष समजून पुढे जावे. तफावत असेल तर टॅपेटचे अंतर तपासावे, आणि तेही बरोबर असल्यास विजेचा शोध तेथेच थांबवावा. ते काम वेगळे आहे.

मिश्रणाच्या बाबतीत बंगळूरची स्वतःची एक खोड आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ आहे. कार्ब्युरेटर पेट्रोल मोजतो ते हवेच्या ओढीवरून. हवा किती विरळ आहे हे त्याला कळत नाही. म्हणून मुंबईत जुळविलेली गाडी बंगळूरला नेली की तिला पेट्रोल थोडे अधिक मिळते व प्लग काळे पडतात. उलट, बंगळूरची गाडी घाट उतरून कोकणात आली की तिला ते कमी पडते. ह्यात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरमध्येच जाहीर समारंभाने सुरू करण्यात आली. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो. त्यामुळे जुन्या जेटमधून तेवढेच इंधन गेले तरी मिश्रण पातळ ठरते. म्हणजे उंचीमुळे मिश्रण दाट होते आणि नव्या इंधनामुळे पातळ, आणि हे दोन दोष बंगळूरच्या रस्त्यांवर एकमेकांना काही अंशी खोडून काढतात. हा योगायोग सुखद असला तरी त्यावर विसंबू नये. इथेनॉल पाणी शोषते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच बाहेर काढलेली गाडी त्या पाण्यामुळे अडखळते. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरी नळ्याही मऊ करते व चिरवते. ह्या दुसऱ्या परिणामाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

ठिणगीची उपपत्ती थोडक्यात सांगता येते. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या प्राथमिक वेटोळ्यातून बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडले की तो एकाएकी तुटतो, आणि त्या तुटण्याच्या क्षणी बारीक तारेच्या दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. कंडेन्सरमुळे पॉइंटवर ठिणगी न पडता प्रवाह झटकन तुटतो. कंडेन्सर बिघडला तर पॉइंट निळसर जळतात आणि प्लगवरची ठिणगी पिवळट व मरतुकडी होते. निरोगी ठिणगी निळी असते व तिचा चटचट आवाज येतो. हे सारे वर्णन पुस्तकांतून आढळते. पण त्यांतील आकृतीत एक छोटेसे चिन्ह असते, एकाखाली एक काढलेल्या तीन आडव्या रेघांचे, त्याकडे वाचकाची नजर क्वचितच थांबते. ते चिन्ह ‘अर्थ’चे, म्हणजे विजेच्या परतवाटेचे.

परत जाणारा प्रवाह

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह ऋण टोकापर्यंत परत पोचला तरच तो वाहतो. दिव्यापर्यंत नेलेली वायर हा त्याचा अर्धाच मार्ग झाला. पत्र्याच्या गाडीत उरलेला अर्धा मार्ग गाडीचे अंगच पुरविते. दिवा जेथे बसविला तेथील पत्र्याला त्याचे दुसरे टोक चिकटविले की काम भागते, कारण सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. हा मार्ग इतका रुंद आहे की एखादा स्क्रू गंजला तरी त्याचा उपद्रव त्या एका दिव्यापुरता राहतो.

फायबरग्लासच्या गाडीत ही सोय नाही. तेथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला, पेट्रोलच्या काट्यालादेखील परतीची स्वतंत्र वायर द्यावी लागते. अशा वायरी जागोजागी एकत्र आणून, त्यांचा झुबका एखाद्या बोल्टने खालच्या पोलादी सांगाड्याला आवळलेला असतो. सांगाडा पुढे जाड पट्टीने बॅटरीला जोडलेला असतो आणि इंजिनाला दुसऱ्या पट्टीने, कारण इंजिन रबराच्या बैठकींवर बसलेले असते व रबरातून वीज जात नाही. ह्याचा अर्थ असा की, एका गंजलेल्या बोल्टच्या अधीन पाच-सहा उपकरणे असतात. कवच गंजत नाही म्हणून मालक निश्चिंत राहतो. बोल्ट मात्र सांगाड्याखाली, चिखलाच्या माऱ्यात, गंजतच असतो.

ही अडचण केवळ भारतीय गाड्यांची नाही. ब्रिटनमधील लोटस कंपनीची एलान ही फायबरग्लासची गाडी १९६२ मध्ये आली. तिचे मालकही बिघडलेल्या परतवाटांशी झगडत आले आहेत. अमेरिकेतील शेव्हर्ले कंपनीच्या १९५३ च्या कॉर्व्हेटमध्ये आणखी एक प्रश्न पुढे आला. पत्र्याचे कवच ठिणगीतून उठणाऱ्या विद्युत्-लहरी अडवून धरते, फायबरग्लास अडवीत नाही. त्यामुळे रेडिओवर सतत खरखर होऊ लागली आणि प्रज्वलनाच्या भागांवर धातूची झाकणे बसवावी लागली. ज्या गाडीत इंजिनाचा कारभार संगणक पाहतो तिच्यात ही खरखर ऐकू येत नाही, पण संवेदकांच्या वायरींत शिरून संगणकाला चकवू शकते. म्हणून स्टॉर्ममध्ये रोधयुक्त प्लग व रोधयुक्त वायरीच वापराव्यात; शर्यतीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या तांब्याच्या वायरी वापरू नयेत.

तुटलेली परतवाट ओळखण्याची खूण अशी की, उपकरणे एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करू लागतात. मागच्या दिव्याच्या घरात ५ वॅटचा टेललाइट आणि २१ वॅटचा ब्रेकलाइट अशा दोन तारा असतात व त्यांची परतीची वायर एकच असते. ती तुटली तर टेललाइटचा प्रवाह ब्रेकलाइटच्या तारेतून उलटा शिरतो आणि ब्रेकच्या वायरीने पलीकडच्या दिव्यापर्यंत जाऊन तेथून परततो. ५ वॅटची तार मिणमिणत राहते, २१ वॅटची पेटत नाही. ह्या स्थितीत ब्रेक दाबला की दोन्ही तारांच्या मोकळ्या टोकांना सारखाच दाब मिळतो, प्रवाह थांबतो आणि मिणमिणणारा दिवा विझतो. ब्रेक दाबल्यावर दिवा विझतो हे पाहून चक्रावलेला कारागीर स्विच बदलतो, नंतर दिव्याचे घर बदलतो, आणि दोष जसाच्या तसा राहतो. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा डोलतो, हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर चढतो, वायपर चालू केला की हॉर्न बसतो, ही सारी त्याच दुखण्याची रूपे आहेत.

आणि हेच दुखणे इंजिनापर्यंत पोचते. पॉइंटच्या गाडीत प्राथमिक प्रवाह पॉइंटमधून डिस्ट्रिब्यूटरच्या अंगात, तेथून इंजिनात आणि इंजिनाच्या पट्टीने सांगाड्यावाटे बॅटरीत परततो. पट्टीचा सांधा मळला की कॉइलला १२ व्होल्ट मिळतच नाहीत आणि चारही ठिणग्या दुबळ्या होतात. ह्या मार्गात एक दुवा असा आहे की तो सहसा कोणी पाहत नाही. पॉइंट ज्या तबकडीवर बसतात ती तबकडी निर्वाताच्या ओढीने थोडी फिरते, आणि ती डिस्ट्रिब्यूटरच्या अंगाला बोटभर लांबीच्या विणलेल्या तारेने जोडलेली असते. हजारो वेळा वाकून ही तार झिजते. मग एका ठरावीक चालीवर गाडी सुरळीत चालते, आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय हलविला की अडखळते. अशा गाडीचा कार्ब्युरेटर किती वेळा उगाच उघडला गेला असेल ह्याची गणती नाही.

स्टॉर्मसारख्या गाडीत परिणाम अधिक सूक्ष्म असतो. तेथे संगणक संवेदकांकडून येणारा ० ते ५ व्होल्टमधील दाब वाचून पेट्रोल किती सोडायचे हे ठरवितो. संगणकाच्या स्वतःच्या परतवाटेवर अर्धा व्होल्ट जरी अडला तरी त्याची मोजपट्टीच तेवढी सरकते. मग तापलेले इंजिन त्याला थंड वाटू शकते. तो पेट्रोल वाढवितो, प्लग काळे होतात, इंजिन अडखळते. संवेदक निर्दोष असतो, संगणकही निर्दोष असतो. दोष असतो तो गंजलेल्या बोल्टमध्ये. रात्री, दिवे व पंखा चालू असतानाच मिसिंग होते आणि दिवसा होत नाही, असे मालकाने सांगितले तर अन्य काही पाहण्यापूर्वी परतवाट तपासावी.

व्होल्टमापकाची साक्ष

येथे सामान्यतः होणारी चूक म्हणजे ओहममापक लावून सांधा तपासणे. ओहममापक आपल्या चिमुकल्या बॅटरीचा अत्यल्प प्रवाह सोडून पाहतो. वायरीतील वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी एवढा प्रवाह तिच्यातून सहज जातो आणि मापक ‘ठीक’ असे सांगतो. सांध्याची परीक्षा त्याच्यावर खरा भार असतानाच झाली पाहिजे. दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अॅम्पिअर प्रवाह घेतात. परतीच्या सांध्यात ओहमचा दहावा हिस्सा एवढाच रोध असला तरी ओहमच्या नियमानुसार तेथे १ व्होल्ट खर्ची पडतो. स्टार्टर सुमारे १५० अॅम्पिअर घेतो. त्याच्या मार्गात शतांश ओहमनेही दीड व्होल्ट नाहीसा होतो. एवढा लहान रोध साध्या ओहममापकाच्या काट्याला वा आकड्यांना दिसतच नाही.

म्हणून मल्टिमीटर व्होल्टवर ठेवावा. त्याचे काळे टोक बॅटरीच्या ऋण खांबावर धरावे. हे टोक खांबावरच्या पकडीवर न धरता खुद्द खांबावर धरावे, कारण पकड व खांब ह्यांमधला थरही संशयित आहे. तांबडे टोक इंजिनाच्या स्वच्छ खरवडलेल्या जागी टेकवावे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची पुरवठ्याची वायर, आणि इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरांचा पुरवठाही, काढून ठेवून साहाय्यकाने स्टार्टर फिरवावा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर इंजिनाची परतवाट चांगली आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर नाही. मग तांबडे टोक क्रमाने सांगाड्यावर, पट्टीच्या एका टोकावर, दुसऱ्या टोकावर असे सरकवीत जावे. जेथे आकडा उडी मारतो तेथे दोष आहे. हीच परीक्षा दिवे लावून मागच्या दिव्याच्या घरात आणि पंखा चालवून संगणकाच्या परतीच्या वायरीवर घ्यावी. संगणकाच्या बाबतीत अधिक कडक राहावे, तेथे ०.१ व्होल्टही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ह्या सगळ्या कामास अर्धा तास पुरतो आणि एकही भाग विकत आणावा लागत नाही.

इंजिनाची पट्टी पूर्णपणे तुटली तर स्टार्टरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो. ती वाट पुष्कळदा अॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलची असते. केबलचे वेष्टन तापते, वितळते, क्वचित धुमसते. चोकची केबल विनाकारण घट्ट झाली असेल तर ती बदलण्यापूर्वी पट्टी पाहावी.

परतवाट निर्दोष ठरल्यावरच पुरवठ्याच्या बाजूकडे वळावे. विसावलेल्या, भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना सुमारे १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. स्टार्टर फिरत असताना कॉइलकडे येणारा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये; ज्या गाडीत कॉइलला बॅलस्ट रोध जोडलेला असतो तिच्यात चालू इंजिनावर हा दाब कमी दिसणे स्वाभाविक आहे, हे ध्यानात ठेवावे. अल्टर्नेटर तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहण्याची सवय काही कारागिरांना आहे. ती डायनामोच्या काळातून आलेली आहे. अल्टर्नेटरच्या गाडीत दाब क्षणात उसळतो व डायोड आणि संगणक दोन्ही जातात.

तापल्यावर बंद पडणाऱ्या स्टॉर्मच्या बाबतीत फ्लायव्हीलजवळचा, क्रँकची स्थिती सांगणारा संवेदक संशयास्पद असतो. तो गप्प झाला की संगणकाच्या दृष्टीने इंजिन फिरतच नसते. मग ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. मात्र संवेदक बदलण्याआधी त्याची जोडणी काढून, तिच्यातील मळ व तेल पुसून, पट्ट्या घट्ट करून पाहाव्यात. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. ह्या गाडीला आजच्या गाड्यांचे तपासयंत्र जोडण्याचा मोह आवरलेला बरा. दोष आपला आपण नोंदविण्याची प्रमाणित व्यवस्था भारतीय मोटारींत २०१० पासून अनिवार्य होत गेली. त्यापूर्वीची गाडी सामान्य यंत्राशी बोलेलच असे नाही आणि तिने न दिलेले उत्तर हा बिघाडाचा पुरावा होत नाही.

सुटे भाग शोधण्याची वेळ आलीच तर स्टॉर्मच्या मालकाची स्थिती त्यातल्या त्यात बरी. तिचे इंजिन युरोपात रेनॉच्या छोट्या गाड्यांत मोठ्या संख्येने वापरले गेले. डॉल्फिनच्या मालकाला ब्रिटनमधील रिलायंटच्या चाहत्यांकडे पाहावे लागते. बंगळूरमध्ये जे. सी. रोडवरची सुट्या भागांची दुकाने आणि शिवाजीनगरचा जुन्या सामानाचा बाजार ही दोन्ही ठिकाणे धुंडाळण्यासारखी आहेत. पॉइंट, कंडेन्सर, रोटर ह्या वस्तू इतर गाड्यांशी जुळत्या मिळू शकतात. कंडेन्सर मात्र जुना, पण चालणारा असेल तर तोच ठेवावा. खोक्यातून नवा निघाला म्हणजे तो चांगला असतो, हा समज अनुभवाने टिकत नाही.

एका बाबतीत तडजोड करता येत नाही. फायबरग्लासमधील राळ ज्वालाग्राही आहे. पत्र्याच्या गाडीत लागलेली आग काही काळ इंजिनापुरती राहते; ह्या गाडीत अंगच पेटते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज घालणे किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे वायरीलाच फ्यूज बनविणे होय, आणि ती वायर कवचाला चिकटून गेलेली असते. इथेनॉलने चिरलेली पेट्रोलची नळी आणि पॉइंटची वा सैल सांध्याची ठिणगी ह्या दोन गोष्टी एकाच बॉनेटखाली असू नयेत. म्हणून विजेचा शोध सुरू करण्यापूर्वी पेट्रोलच्या सर्व नळ्या हाताने वाकवून पाहाव्यात. एकीलाही चीर दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर बॅटरी सोडवून आधी नळ्या बदलाव्यात, आणि त्या इथेनॉल सहन करणाऱ्या जातीच्याच घ्याव्यात. गाडीत लहानसे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे.

दोष सापडलेल्या बोल्टची दुरुस्ती साधी आहे. वायरींचा झुबका सोडवून प्रत्येक कडी खरखरीत कागदाने चकचकीत होईपर्यंत घासावी. सांगाड्यावरचा रंग कडीच्या आकारापुरता खरवडावा. हिरवट पडलेली वायर कापून ताज्या तांब्यापर्यंत मागे यावे व नवी कडी दाबून बसवावी. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मगच वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. आधी दिला तर तोच सांध्यात अडथळा होतो. इंजिनाच्या जुन्या पट्टीला समांतर अशी दुसरी विणलेली पट्टी गिअरबॉक्सपासून सांगाड्यापर्यंत जोडून द्यावी. मूळ आराखड्यात ती नसली तरी तिने गाडीच्या अस्सलपणाला बाध येत नाही, आणि हवी तेव्हा ती काढताही येते. त्यानंतर पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच भाराखाली व्होल्टमापक लावून नवे आकडे जुन्या आकड्यांशेजारी वहीत लिहावेत. पुढच्या पावसाळ्यानंतर हीच मोजणी पुन्हा करावी.